तुम्ही विचारलंत म्हणून: लेकराच्या फोनला लॉक मारून द्याल का?

बीड जिल्ह्यातल्या धारूरला माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. डिस्प्ले बदलणं, चार्जिंगची पिन बसवणं, ग्लास लावणं हे रोजचं काम. त्याच्या जोडीला एक प्रश्नही रोजचाच. फोन काउंटरवर ठेवायचा आणि म्हणायचं, "दादा, याला असं काहीतरी लॉक मारून द्या, की लेकरू वंगाळ काही बघणार न्हाई." विचारणारा कधी बाप असतो, कधी मामा. दसऱ्यानंतर मात्र बहुतेक आज्याच येतात.

आमच्याकडे दसरा-दिवाळी झाली की उचल, म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले कोयते, म्हणजे ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोड्या, ट्रक-ट्रॅक्टरात बसून सांगली, कोल्हापूर, पार कर्नाटकापर्यंत जातात. पुढचे पाच-सहा महिने गाव म्हाताऱ्यांचं आणि लेकरांचं. जाताना बाप एक स्मार्टफोन घरी ठेवून जातो, कारण रात्री फडावरून लेकरांची तोंडं तरी दिसली पाहिजेत. फोन म्हणायला आजीचा. तिला हिरवं बटन तेवढं कळतं, बाकी सगळा कारभार नातवंडांच्या हातात.

तर लॉक मारता येतं का? येतं. गूगलचं फॅमिली लिंक नावाचं अ‍ॅप फुकट मिळतं. त्यात लेकराचं खातं बापाच्या फोनला जोडता येतं. नवं अ‍ॅप घ्यायचं तर बापाची परवानगी लागते, दिवसाला किती वेळ ते ठरवता येतं, रात्री नेमलेल्या वेळेला फोन आपोआप लॉक होतो. बाप सांगलीच्या फडात असला तरी चालतं, दोन्हीकडे नेट असलं म्हणजे झालं.

पण त्याआधी एक चूक दुरुस्त करावी लागते, आणि ती बऱ्याचदा आम्हा दुकानदारांचीच असते. नवा फोन सुरू करताना जीमेलचं खातं काढावं लागतं, त्यात जन्मसाल विचारतात. दुकानात गर्दी, गिऱ्हाईक घाईत, आम्ही १९९० टाकून मोकळे. लेकरू पुढं त्याच खात्यावर यूट्यूब बघतं. इन्स्टाग्राम काढताना तेही असंच जुनं साल टाकतं, कारण तेराच्या आतल्याला तिथं खातं काढता येत नाही. एकदा त्याला पस्तिशीचा माणूस धरलं, की लेकरांसाठी केलेली राखण तिथंच उठते. इन्स्टाग्रामनं २०२५ पासून भारतातही अठराच्या आतल्यांची खाती आपोआप खासगी ठेवायला सुरुवात केली. अनोळखी माणसाला त्यांना थेट मेसेज करता येत नाही, आणि सोळाच्या आतल्याला हे सैल करायचं तर आईबापाची परवानगी लागते. पण हे सगळं खरं वय टाकलं तर. म्हणून मी आता खरं साल विचारल्याशिवाय खातं काढून देत नाही. लेकरू तेराच्या आतलं असलं तर इन्स्टा नको, असं तोंडावर सांगतो.

एवढं करून फोन परत दिला, की आजीच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं दिसतं. तेव्हाच मी म्हणतो, "मावशी, बसा जरा." कारण खरी गोष्ट लॉकच्या पुढची आहे, आणि ती मला एका पोरीनं शिकवली.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत शाळेच्या ड्रेसवर एक पोरगी दुकानात आली. नववीतली. फोन काउंटरवर ठेवला, पण हात त्याच्यावरून काढीना. म्हणाली, "काका, याला फॉरमॅट मारा. सगळं गेलं पाहिजे." फोन नवा होता, चांगला चालत होता. तेवढ्यात तो थरथरला. मेसेज आला होता. तिनं चटका बसल्यासारखा हात मागं घेतला.

मी फॉरमॅट मारला नाही. बायकोला घरून बोलावून घेतलं. दोघी आतल्या खोलीत बसल्या. तासाभरानं कळलं ते असं. आपण मुलगीच आहे असं भासवून कुणीतरी ओळख काढली, महिनाभर गोड बोलून एक नको तसला फोटो मागून घेतला, आणि आता आणखी पाठव, नाहीतर तुझ्या बापाला पाठवतो म्हणत होता. घरी का सांगितलं नाहीस, असं बायकोनं विचारलं, तर म्हणाली, "पप्पा फोन काढून घेतील, शाळा बंद करतील. मग लग्नच."

ही भीती तिनं उगाच घेतलेली नव्हती. आमच्या भागात मागं राहिलेल्या पोरींची लग्नं अठराच्या आत उरकतात, आणि कारण हेच सांगतात की पोरगी एकटी, जबाबदारी कोण घेणार. फोनमध्ये काही सापडलं, तर मग बोलायलाच नको. धमकावणाऱ्याला हे नेमकं माहीत होतं. त्याच्या हातात तिचा फोटो होता खरा, पण त्याचा सगळा जोर तिच्या घरच्यांच्या रागावर होता.

आणि फॉरमॅट मारला असता तर? तिच्याकडचं पुसलं गेलं असतं, त्याच्याकडचं नाही. त्याचं खातं, धमक्या, तारखा, सगळा पुरावा मात्र गेला असता. तिच्याआधी किती लेकरांचे फोन मी शंभर-दोनशे रुपयांत काही न विचारता रिकामे करून दिले असतील, हे आठवलं की अजून जीव खाली-वर होतो.

आम्ही केलं ते सांगतो, कुणाला कधी लागलं तर. त्याच्या खात्याचे आणि धमक्यांचे स्क्रीनशॉट घेतले, मग ब्लॉक केलं. पैसे नाहीत, आणखी फोटो नाही, विनवण्या नाहीत. १०९८ ही लेकरांची हेल्पलाइन, चोवीस तास चालते, पैसे पडत नाहीत, तिथं फोन केला. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला आणि बालकांविषयीची तक्रार नाव न सांगताही करता येते. पैशाची फसवणूक असेल तर १९३० लावायचा, तोही लगेच. टेक इट डाउन नावाची एक फुकट सेवा आहे, अठराच्या आत काढलेल्या अशा उघड्यावाघड्या फोटोंसाठी. त्यात फोटो आपल्या फोनमधून बाहेर जात नाही. त्याची नुसती आकड्यांची खूण जाते, आणि सामील असलेल्या कंपन्या त्या खुणेवरून तो आपल्याकडं शोधून काढून टाकतात. आणि असला फोटो "बघा काय आलंय" म्हणून कुणीही पुढं पाठवायचा नाही. अठराच्या आतल्याचा असा फोटो पाठवणं पोक्सो, म्हणजे लेकरांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा कायदा, आणि आयटी कायदा यांच्याखाली गुन्हा आहे, मग पाठवणारा सख्खा काका का असेना.

सगळ्यात अवघड होतं बापाला सांगणं. संध्याकाळी तो फडातून खोपीवर आला, तेव्हा मी फोन लावला. सांगून झालं, तरी पलीकडून बराच वेळ काही नाही, नुसता ट्रॅक्टरचा आवाज. मग म्हणाला, "तिला द्या." तिनं फोन कानाला लावला, "हां पप्पा" म्हणाली आणि रडायला लागली. तो काय बोलला ते मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी पोरगी शाळेत गेली. यंदा ती अकरावीला आहे.

म्हणून आता लॉक मारायच्या आधी मी आईबापाला, आजीला एक वाक्य लेकरासमोर बोलायला लावतो: काहीही झालं, चूक तुझी असली तरी, मला सांग, फोन हिसकावणार नाही, शाळा बंद करणार नाही. काही बापांना ते बोलताना जड जातं. मी थांबतो.

बाकी गोष्टी सोप्या आहेत. यूपीआयचा पिन लेकराला ठाऊक नको. रात्री फोन आजीच्या उशाशी चार्जिंगला लावायचा, त्याला इंग्रजी वाचता यावं लागत नाही. आमचे लोक ऊस तोडायला जातात त्या सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे. तिथं २०२२ मध्ये संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवायला सुरुवात झाली. इकडं उमरगा तालुक्यात जकेकूरवाडीनंही तसा भोंगा लावला. मला त्यातलं आवडलं ते हे, की मोठ्यांनाही फोन खाली ठेवावा लागतो.

तर लॉक हवं असेल तर या. अर्ध्या तासाचं काम आहे, त्याचे मी पैसे घेत नाही. फक्त येताना लेकराला सोबत घेऊन या.