तुम्ही विचारलंत म्हणून: बायबलच का?

सुलेखन शिकायला येणारी मुलं माझ्या टेबलावरची चित्रं बघतात आणि हमखास विचारतात, "ताई, तुम्ही ख्रिस्ती आहात का?" नाही. मग बायबलातल्या गोष्टींची ही रेखाटनं समोर कशाला?

सुरुवात बोरूपासून झाली. सतराव्या शतकातला डच चित्रकार रेम्ब्राँ पिसाच्या लेखणीबरोबर बोरूनंही चित्रं काढायचा, हे कळलं तेव्हा फार आनंद झाला होता. शाई संपत आली की बोरू खरखरीत, तुटक रेघ सोडतो. आम्ही लगेच तो दौतीत बुडवतो. रेम्ब्राँ तीच कोरडी रेघ तशीच राहू देतो आणि तिथं म्हाताऱ्या माणसाचा अंगरखा दिसू लागतो.

मग अब्राहाम भेटला. बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीत, अठराव्या अध्यायात तीन अनोळखी माणसं भर उन्हात त्याच्या तंबूपाशी येतात. तो धावत सामोरा जातो, पाय धुवायला पाणी मागवतो, झाडाखाली बसवून जेवू घालतो. त्या पाहुण्यांच्या रूपानं देवच आलेला असतो. तुला मुलगा होईल, हे त्याची म्हातारी बायको सारा दाराआडून ऐकते आणि मनाशी हसते.

रेम्ब्राँनं मुघल लघुचित्रांवरून वीसेक रेखाटनं केली होती. त्यातलं एक ब्रिटिश म्युझियममध्ये आहे: झाडाखाली बैठक मारून बसलेले चार वृद्ध. १६५६ साली अब्राहामच्या गोष्टीचं एचिंग, म्हणजे धातूच्या पत्र्यावरून छापायचं चित्र, करताना त्यानं पाहुण्यांना तसंच जमिनीवर बसवलं. त्याच वर्षी त्याचं दिवाळं निघालं होतं, घरातल्या चीजवस्तूंची यादी झाली होती. आणि तो तांब्याच्या पत्र्यावर सुईनं आदरातिथ्य रेखाटत होता! चित्र जेमतेम सोळा सेंटिमीटर उंच. अब्राहाम सुरई धरून खालच्या कोपऱ्यात वाकलेला. मागे एक मुलगा पाठमोरा, धनुष्य ताणण्यात गुंग. देव दारी आल्याचं त्याच्या गावीही नाही.

आमच्या घरी पंगत जमिनीवर बसायची. वाढणाऱ्याला वाकावंच लागायचं, मग पानावर कुणीही असो. अब्राहामची ती पाठ मी आईच्या पाठीवरून ओळखली. उत्पत्तीचा अध्याय त्यानंतर वाचला.

आता मुलांना मी ते चित्र देते आणि म्हणते, यात सारा शोधा. दाराच्या काळोखात आहे ती. सापडायला वेळ लागतो.