ऑलिम्पियातला आखाडा आणि आमचे अण्णा

मी टूर मॅनेजर आहे, मराठी ग्रुप घेऊन ग्रीसला जातो. तिथे लायसन्सवाली लोकल गाइडच बोलते, आपण मागून मराठीत सांगायचं. ऑलिम्पिया म्हणजे जुन्या काळी ऑलिम्पिक खेळ व्हायचे ती जागा, तिथला प्रोग्राम ठरलेला, झ्यूसचं देऊळ, मग स्टेडियम, तिथे सगळे पळून फोटो काढतात, म्युझियम, जेवण, बस. पॅलेस्ट्रा म्हणजे कुस्तीची तालीम वाटेतच लागते पण मी तिथे कधी 2 मिनिटांच्या वर थांबलो नव्हतो.

या वेळी ग्रुपमध्ये कोल्हापूरकडचे एक अण्णा होते, सत्तरी ओलांडलेले, तरुणपणी मैदानं मारलेले, दोन्ही कान मोडलेले. अथेन्सच्या म्युझियममध्ये एका बॉक्सरचं ब्राँझचं डोकं आहे, ऑलिम्पियातच सापडलेलं, त्याचेही कान असेच सुजून बसलेले. त्याच्यासमोरून अण्णा हलेनात. "ह्यो आपल्यातला हाय" एवढंच म्हणाले.

ऑलिम्पियात आत शिरल्या शिरल्या त्यांनी विचारलं, "आखाडा कुठाय?" मग गाइडने आम्हाला पॅलेस्ट्रात नेलं. इसवी सनापूर्वी 3 ऱ्या शतकातलं बांधकाम, मधे चौकोनी अंगण, चारी बाजूंनी खांब, मागे खोल्या. तिने सांगितलं की पैलवान आधी अंगाला ऑलिव्हचं तेल चोळायचे, मग वरून धूळ टाकायचे म्हणजे पकड सुटत नाही, आणि कुस्ती झाली की वाकड्या धातूच्या पट्टीने ते सगळं खरवडून काढायचे. अण्णा म्हणाले, "आमी तेल मातीतच घालतो, ताक, हळद, लिंबू बी. पर भिडायच्या आधी माती अंगाव टाकायचीच." हे मी गाइडला इंग्रजीत सांगितलं तर ती वही काढून लिहायलाच लागली!

पुढचा अर्धा तास दोघं थांबेचनात, मी मधे नुसता भाषांतर करतोय. ऑलिम्पियात कुस्ती आली इ.स.पू. 708 मध्ये. वजनगट नाहीत, फक्त मोठे आणि पोरं असे दोन भाग, आणि समोरच्याला 3 वेळा पाडलं की जिंकला. क्रोटोनचा मायलो नावाचा पैलवान 6 वेळा जिंकला, तेही तिने सांगितलं. पण अण्णांना धरून ठेवलं ते चिठ्ठ्यांनी. अक्षरं लिहिलेल्या चिठ्ठ्या काढून जोड लावायचे, आकडा विषम असला की एकाला बाय, म्हणजे तो न लढताच पुढच्या फेरीत. अण्णा एकदम तापले, "म्हंजे दमलेल्याच्या अंगाव ताजा गडी घालायचा? ह्यो न्याय न्हवं." गाइड म्हणाली, त्यांनाही ते कळत होतं, म्हणून तर बाय न घेता जिंकलेले लोक तसं मुद्दाम दगडावर कोरून घ्यायचे. अण्णांनी मान हलवली, चेहऱ्यावर समाधान.

निघताना तिने इजिप्तमध्ये सापडलेल्या एका पपायरसबद्दल, म्हणजे लव्हाळ्याच्या जुन्या कागदाबद्दल सांगितलं, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला, कुस्ती शिकवणाऱ्याच्या सूचना आहेत त्यात. बाजूला उभा राहा, उजव्या हाताने मुंडी धर, आणि मग पुन्हा पुन्हा एकच शब्द, प्लेक्सॉन, म्हणजे भिड. अण्णांचे डोळे भरून आले. त्यांचे वस्ताद काठावर बसून अस्संच ओरडायचे म्हणे, डाव सांगायचे आणि शेवटी "भिड!"

स्टेडियमला त्या दिवशी 10 मिनिटंच मिळाली, दोघातिघांनी तक्रार केली, मला काही वाटलं नाही. बसमध्ये अण्णा माझ्या शेजारी येऊन बसले आणि मोबाईल पुढे केला. "त्यो शबुद मराठीत लिवून द्या सायेब, तालमीतल्या पोरास्नी सांगायचाय."