बंदुकीची पावती

२०२४च्या लोकसभेची आचारसंहिता लागली आणि ह्यांनी बाराबोरची बंदूक पोलीस ठाण्यात जमा केली. परवाना असला की निवडणुकीत बऱ्याचदा नोटीस येते. त्या रात्री कितीतरी महिन्यांनी मला गाढ झोप लागली, आणि सकाळी त्याचाच धसका बसला.

हे मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून सुटले. तेव्हा वय ४१. बंदूक घेतली ती बँकेत गार्डची नोकरी मिळावी म्हणून; आमच्या सातारा भागात बरेच फौजी तेच करतात. नोकरी साहेबाशी भांडून सुटली, बंदूक कपाटात राहिली.

राग कशाचाही. आमटीत मीठ कमी, फाटक उघडं राहिलं, पोरगं आठला उठलं. एकदा ताट भिंतीवर गेलं तेव्हा मी चार दिवस माहेरी जाऊन बसले. सासूबाई म्हणायच्या, "फौजी माणूस, तापट असायचाच." राग माझ्यावर निघतो हे सगळ्या गावाला दिसायचं. तो उतरल्यावर हे गोठ्यात जाऊन बसतात, जेवत नाहीत, दोन-दोन दिवस बोलत नाहीत, हे फक्त मला ठाऊक.

अशाच एका दिवशी पीपीओ म्हणजे पेन्शनचा आदेश, डिस्चार्ज बुक, जॉइंट फोटो, सगळं एका फायलीत लावून माझ्या हातात दिलं. "फॅमिली पेन्शनला हेलपाटे नकोत तुला. माझ्यापेक्षा तीच बरी." मला वाटलं, कागद नीट लावले, बरं झालं. काय ही माझी अक्कल!

जूनमध्ये निकाल लागला. बंदूक परत आणायची वेळ आली तेव्हा बांधावर बसून विचारलंच, "अहो, जीव द्यायचा विचार येतो का?" आपणच डोक्यात भरवतोय की काय, अशी धाकधूक होती. पण चिडले नाहीत. बऱ्याच वेळानं म्हणाले, "तुझ्यावर ओरडलो की येतो."

१४४१६ला फोन मीच लावला. टेलिमानस, मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन, सरकारी आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलतात. पलीकडच्या बाईंनी आधी विचारलं, घरात हत्यार आहे का. पुढं ईसीएचएसमधून, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या दवाखान्यातून, मनोविकारतज्ज्ञांकडे जायची चिठ्ठी मिळाली. तिथं बाकावर ह्यांच्या पलटणीतले दोघं भेटले. तिघांनीही एकमेकांना सांगितलं, बीपीच्या गोळ्यांना आलोय.

राग अजून आहे. परवाच पाण्याच्या पाळीवरून भावकीत वाजलं. बंदूक मात्र घरी आलेली नाही, बंदुकांच्या परवानाधारक दुकानात ठेवायला दिलीय. पावतीवर सही ह्यांची, पण पावती माझ्या डाळीच्या डब्यात.