तुम्ही विचारलंत म्हणून: तीन लाख फिरलेली पिकअप घ्यावी का?

टोमॅटोचा हंगाम तोंडावर आला की फोन सुरू होतात. "दादा, एक बोलेरो पिकअप बघितलीय. २ लाख ८० हजार फिरलीय. घेऊ का?" नारायणगावहून माळशेज उतरून वाशीला माल न्यायला लागून मला १७ वर्षं झाली. चार गाड्या घेतल्या, चारही जुन्या. म्हणून विचारत असाल.

किलोमीटरचा आकडा आधी बाजूला ठेवा. रोजचे दीडशे-दोनशे किलोमीटर धरले तर भाजीची गाडी वर्षाला ४०-५० हजार सहज फिरते. धंद्यातल्या पाच वर्षांच्या गाडीचं मीटर ६० हजार दाखवायला लागलं की ते मागे फिरवलंय असंच मी धरतो. खरे तीन लाख दाखवणारी गाडी मला त्याहून बरी वाटते. फक्त त्या तीन लाखांत तिने काय वाहिलं, ते खोदून विचारा.

हे मला दुसऱ्या गाडीने शिकवलं. किनारपट्टीवरून आलेली, नवा रंग, नवी सीट कव्हरं. मी ती भर उन्हाळ्यात घेतली. पहिला पाऊस झाला आणि हौद्यातून मासळीचा वास सुटला. मिस्त्रींनी मागचे पाटे, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या, चेसिसला म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला जिथे टांगलेले असतात, त्या हँगरपाशी स्क्रूड्रायव्हर टोचला, तर ताज्या काळ्या रंगासकट गंजाचे पापुद्रे त्यांच्या तळहातावर पडले. बर्फाचं खारं पाणी वर्षानुवर्षं चेसिसवर ठिबकत होतं. इंजिन मात्र घड्याळासारखं चालायचं. वेल्डिंग करून कसेबसे दोन हंगाम काढले, तेही अर्ध्या मालावर. माळशेजच्या प्रत्येक वळणावर जीव मुठीत असायचा. तेव्हापासून मी आधी पोतं टाकून गाडीखाली शिरतो, बॉनेट नंतर.

खाली गेलात की पाटे मोजा. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीपेक्षा एखादा पाटा जास्त निघाला, तर मालक कायम ओव्हरलोड भरत होता. चेसिसवर वेल्डिंगचे डाग किंवा एवढ्याशा जागेवर ताजा रंग दिसला की मी तिथूनच परत फिरतो. प्रॉपेलर शाफ्ट, म्हणजे मागच्या चाकांना ताकद नेणारा लांब दांडा, हाताने पिळून बघा. खट्ट वाजला तर त्याचा सांधा, म्हणजे क्रॉस, गेलाय. तो खर्च किरकोळ आहे, त्यासाठी गाडी सोडू नका.

इंजिन गारच बघायचं. आदल्या दिवशी सांगून ठेवा, की मी येईपर्यंत सेल मारू नका, म्हणजे गाडी सुरू करू नका. गेल्यावर पहिला हात बॉनेटखाली इंजिनला लावा. गरम लागलं तर तुम्हाला काहीतरी कळू नये अशी कुणाची तरी इच्छा आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. गार असतानाच रेडिएटरचं झाकण उघडा. पाण्यावर तेलाचा तवंग असेल, किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चिकटा असेल, तर इंजिनात तेल-पाणी वेगळं ठेवणारं हेड गॅस्केट गेल्याचा संशय धरा. चावी फिरवल्यावर चेक इंजिनचा दिवा लागला पाहिजे आणि गाडी सुरू झाली की विझला पाहिजे. लागलाच नाही, तर तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत हे जास्त बघा, कारण सेन्सर आणि धुराच्या फिल्टरचं काम महागात जातं.

थंडीत पहिला मिनिटभर पांढरा धूर आला तर घाबरू नका. निळसर धूर येतच राहिला तर गाडी ऑइल पितेय. मग इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण सैल करून तिथेच ठेवून द्या. नुसतं थरथरलं तर ठीक. उडालं आणि भकाभका धूर आला, तर मिस्त्री ज्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात ते हेच. रिंगा-पिस्टन घासलेत, इंजिन उतरवावं लागणार. तो खर्च भावातून वजा होत असेल तरच पुढे बोला.

रिकाम्या गाडीची ट्रायल घेऊन काही कळत नाही. अर्धा टन तरी भरा आणि एखादा चढ-उतार गाठा. चढाला इंजिन नुसतं ओरडलं आणि गाडीने वेग धरला नाही तर क्लच प्लेट गेली. उताराला दुसऱ्या गिअरवर ठेवून अॅक्सिलरेटरवरचा पाय काढा. गिअर आपोआप निसटला तर भाव कितीही कमी असो, मी तरी ती गाडी घेणार नाही. लोड घेऊन घाट उतरताना गिअर निसटल्यावर काय होतं, ते मी समोरच्या गाडीचं पाहिलंय.

कागदांत आरसीवरचा बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, बघा. असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. थकलेली ई-चलनं भरून घ्या, गाडी नावावर करायच्या २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर समोर सह्या घ्या. पासिंगची, म्हणजे आरटीओच्या फिटनेस तपासणीची, तारीख तपासा. आठ वर्षांनंतर ते दरवर्षी करावं लागतं.

आणि मालकाशी बोलून झालं की ड्रायव्हरला गाठा. माझी आत्ताची गाडी घेतली तेव्हा तिचे जुने ड्रायव्हर किल्ली देताना म्हणाले होते, "भाऊ, टर्बोची गाडी आहे. घाट चढून आलात की लगेच बंद करू नका, दोन मिनिटं तशीच चालू राहू द्या." तेव्हा तिचं मीटर २ लाख ६० हजारांवर होतं. आज ४ लाख १० हजार आहे. परतीला माळशेज चढून आलो की अजूनही मी ती दोन मिनिटं शेजारी उभा राहतो.