तुम्ही विचारलंत म्हणून: शिगा कोगेनला कधी यावं?

नोव्हेंबर लागला की पुण्याहून, ठाण्याहून फोन सुरू होतात. मी तोक्योत निशी-कासाईला राहते, त्यामुळे मलाच विचारणार. "जपानचा तो पावडर बर्फ बघायचाय, स्कीइंगही शिकायचंय. आम्हाला काहीच येत नाही. कुठे यावं आणि कधी?"

कुठे, याचं माझं उत्तर ठरलेलं आहे: नागानो प्रांतातलं शिगा कोगेन. 1998 च्या हिवाळी ऑलिम्पिकमधल्या स्लालमच्या, म्हणजे रोवलेल्या खांबांमधून वळत उतरण्याच्या, शर्यती इथल्याच उतारांवर झाल्या. त्या नागानो ऑलिम्पिकला भारताचा एकच खेळाडू आला होता, मनालीजवळचा 16 वर्षांचा शिवा केशवन, ल्यूज या घसरगाडीच्या खेळात. आपल्याकडचे पाहुणे नागानो स्टेशनवर उतरले की मी त्यांना हे आवर्जून सांगते.

कधी यावं हे मात्र तुम्हाला पावडर बघायची आहे की स्कीइंग शिकायचंय, यावर आहे. ही दोन वेगळी कामं आहेत, आणि फोनवर सगळे ती एकाच दमात मागतात.

आधी पावडरबद्दल. सैबेरियाची थंड हवा जपानच्या समुद्रावरून येताना बाष्प उचलते आणि डोंगरांना अडून बर्फ होऊन बरसते. शिगा किनाऱ्यापासून आत आणि उंचावर आहे. शिगातल्या इचिनोसेची वस्तीच जवळजवळ आपल्या कळसूबाईच्या उंचीवर आहे, आणि इथल्या योकोतेयामा डोंगराचा माथा 2307 मीटरवर. गुलमर्गचा गोंडोला याहून कितीतरी वर नेतो, हे खरं. पण आकड्यांची स्पर्धा इथे नाहीच. एवढ्या उंचीवर थंडी टिकते, म्हणून बर्फ कोरडा पडतो आणि कोरडाच राहतो. मुठीत घेऊन लाडू वळायला जावं तर वळत नाही, बोटांतून सांडून जातो. हे बघायचं तर जानेवारीचा उत्तरार्ध किंवा फेब्रुवारी. योकोतेयामावरची झाडं तेव्हा बर्फाने इतकी मढतात की खाली झाड आहे हे सांगावं लागतं.

पण शिकायला हा बर्फ अवघड आहे. मी पहिल्यांदा गेले ती रात्रभर बर्फ पडल्यानंतरची सकाळ होती. शिक्षक न घेता, उत्साहाने कडेच्या मऊ भागात शिरले. स्कीची टोकं बुडाली, मी पडले. उठायला हात टेकावा तर खाली घट्ट असं काही लागेचना. एक स्की सुटून बर्फात गेली होती, ती शोधण्यात अर्धा तास गेला. त्या दिवशी मी घाबरले आणि पुढची दोन वर्षं गेले नाही. तुमचं तसं होऊ नये, म्हणून हे इतकं सांगतेय. नवशिक्याला हवा यंत्राने दाबून सपाट केलेला उतार. आणि आखलेल्या मार्गाबाहेर, झाडांत, कोणाच्याही आग्रहाने शिरू नका. झाडाच्या बुंध्याभोवती बर्फाखाली पोकळी असते, तीत माणूस अडकतो.

मार्चअखेर मी आईला घेऊन पुन्हा गेले. ती तेव्हा 61 वर्षांची होती. दोन दिवस शिक्षकाबरोबर तिने फक्त बोगेन केलं, म्हणजे स्कीची टोकं जवळ आणि मागची बाजू फाकवून हळू उतरायचं. तिसऱ्या दिवशी इचिनोसेचा सौम्य उतार ती न थांबता उतरली आणि खाली पोचून काही न बोलता परत लिफ्टच्या रांगेत जाऊन उभी राहिली. मला रडू आलं.

म्हणून शिकायचं असेल तर मार्च. मुलांच्या परीक्षा असतील तर एप्रिलही चालेल. सगळ्या लिफ्ट तेव्हा चालू नसतात, पण वरचे उतार साधारण मेच्या सुरुवातीपर्यंत टिकतात. बर्फ मात्र सकाळी कडक आणि दुपारी दाणेदार, ओला. जपानीत त्याला झारामे म्हणतात, म्हणजे जाडी साखर. 29 एप्रिलपासूनची सुट्ट्यांची गर्दी तेवढी टाळा.

राहायला इचिनोसे. बहुतेक भाग लिफ्टने जोडलेले आहेत, योकोतेयामाला शटल बसने जायचं. तोक्योहून शिनकानसेन या बुलेट ट्रेनने नागानो दीड तास, पुढे बसने सव्वा तास. जड बॅगा कुरियरने आधीच हॉटेलवर पाठवता येतात, स्की आणि बूट तिथे भाड्याने मिळतात. बुटाचं माप सेंटिमीटरमध्ये सांगावं लागतं, ते घरूनच मोजून या.

शाकाहारी मंडळींनी हॉटेल बुक करतानाच जेवणाबद्दल लिहून कळवावं. नुसतं "मांस नको" म्हणून भागत नाही, कारण सूपपासून सोबा या नूडल्सच्या चटणीपाण्यापर्यंत सगळ्यात दाशी, म्हणजे वाळवलेल्या माशाचं उकळून काढलेलं पाणी, असतं. "दाशीही नको" हे वेगळं लिहा. नागानोला भोपळ्याचं किंवा गोड लाल चवळीसारख्या अझुकीचं सारण भरलेली ओयाकी ही पोळीसारखी भाकरी मिळते, ती बसमध्ये बसण्याआधी घेऊन ठेवा. आणि परतताना एक रात्र नागानोतल्या झेनकोजी मंदिराजवळच्या यात्रेकरू निवासात काढा. तिथे भिक्षूंचं शोजिन र्‍योरी जेवण मिळतं, भाज्या आणि टोफूचं. माझी आई साऱ्या सहलीत पोटभर जेवली ती तिथेच.