झाडांचे खिळे काढताना

आज सकाळी आम्ही काही जणांनी रस्त्याकडेच्या झाडांचे खिळे काढले. जाहिरातींच्या पाट्या कधीच गळून पडल्यात, खिळे मात्र तसेच. जुन्या झाडांनी तर ते गिळूनच टाकलेत. साल दोन्ही बाजूंनी चढून आलेली, मधे गंजाचा नुसता ठिपका. असे खिळे आम्ही उकरले नाहीत. झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. दुखावलेला भाग ते आतल्या आत बंदिस्त करतं आणि वरून नवं लाकूड चढवतं. उकरलं की ती जागा पुन्हा उघडी पडते.

जीव तुटला तो तारेपाशी. रोषणाईसाठी कुणीतरी गुंडाळलेली तार, खोड वाढलं तशी सालीत रुतत गेलेली. पानांत तयार झालेली साखर सालीच्या आतल्या थरातूनच मुळांकडे उतरते. तिथेच फास बसला की मुळं उपाशी राहतात, आणि झाड मात्र बरेच दिवस वरून हिरवंगार दिसत राहतं! तुकडे करत करत, जपून कापली. वेळ लागला, पण निघाली.

पुढच्या रविवारी बुंध्यांभोवतीचं सिमेंट फोडायचंय. बारीक मुळं बहुतेक वरच्या मातीतच असतात, त्यांना हवा-पाणी मिळायलाच हवं. छिन्नी-हातोडा असेल तर घेऊन या.