लॅपटॉपच तर आहे, मग एवढं सामान कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. मी लग्नाकार्यांत वाजवणारा डीजे. सुपारीचा, म्हणजे कार्यक्रम ठरवायचा, फोन येतो, तारीख ठरते, मी आकडा सांगतो आणि पलीकडून तेच वाक्य येतं: "अहो, गाणी तर लॅपटॉपमध्येच असतात ना? मग कंट्रोलर, पेट्या, मॉनिटर, वायरींची बॅग, एवढं सामान कशाला?" नवी पोरं तेच जरा वेगळ्या तऱ्हेने विचारतात. "दादा, नुसत्या लॅपटॉपवर सुरू केलं तर चालेल का?" फोनवर हे सांगून होत नाही. मी अर्ध्यातच चिडतो आणि तुम्हाला वाटतं, हा बिल फुगवतोय.

आधी साधी गोष्ट. लॅपटॉपला हेडफोनचं भोक एकच असतं. त्यातून आवाजाची एकच जोडी बाहेर येते, डावा आणि उजवा. माझं काम दोन जोड्यांवर चालतं. एक लोकांसाठी, दुसरी फक्त माझ्या कानासाठी. चालू गाणं संपत आलं की पुढचं कुठून सोडायचं, त्याचा ठोका कुठे पडतोय, हे मला लोकांच्या आधी ऐकावं लागतं. याला आम्ही क्यू म्हणतो. कंट्रोलरवरच्या गोल चकत्या आणि चमकणारी बटणं तुम्हाला दिसतात. त्याच्या पोटात साउंड कार्ड असतं, ते या दोन जोड्या वेगळ्या काढतं. चकत्या नसल्या तरी मी कीबोर्डवर भागवीन, क्यूशिवाय नाही भागणार.

"सॉफ्टवेअरच सिंक करतं की, ठोक्याला ठोका जुळवतं!" करतं, आणि मीही वापरतो. पण हळदीला जी जुनी गाणी हवी असतात, त्यांत ढोलकी माणसाने वाजवलेली असते. रंगात आला की त्याचा हात पुढे पळतो. सॉफ्टवेअरने गाण्यावर ठोक्यांसाठी सरळ आखलेल्या रेघा तिथे चुकतात आणि दोन ढोलक्या एकमेकींच्या अंगावर पडतात. ते लोकांच्या कानावर जाण्याआधी माझ्या कानावर यावं लागतं.

मॉनिटरचंही, म्हणजे माझ्या टेबलाशी ठेवलेल्या माझ्या स्पीकरचंही, तसंच. "आमचे एवढे मोठे स्पीकर आहेत, तुम्हाला वेगळा कशाला?" आवाज एका सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. तुमचे स्पीकर माझ्यापासून २० मीटरवर असले तर त्यांचा ठोका माझ्यापर्यंत जवळजवळ ५९ मिलिसेकंद उशिरा पोचतो. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत दोन ठोक्यांत अंतर असतं ५०० मिलिसेकंद. म्हणजे आठव्या-नवव्या हिश्श्याने मागे पडलेलं ऐकून मी पुढचं गाणं जुळवायचं. त्यात लॅपटॉपचं बफर, म्हणजे आवाज बाहेर सोडण्याआधी तो साठवायची जागा, १०२४ सॅम्पलवर, म्हणजे आवाजाच्या १०२४ बारीक तुकड्यांवर, असलं तर आणखी २३ मिलिसेकंद उशीर. कंट्रोलरचा स्वतःचा ड्रायव्हर, म्हणजे त्याचं छोटं सॉफ्टवेअर, घालून २५६ वर आणलं की तो सहाच्या आत येतो. बफर फार खाली नेलं की जुना लॅपटॉप तडतडतो, म्हणून कार्यक्रमाच्या आधी वायफाय बंद, अपडेट बंद, आणि गाणी स्वतःच्या डिस्कवर. लॉनवर पाचशे माणसं आली की मोबाइलचं नेटवर्क मान टाकतं. स्ट्रीमिंगच्या भरवशावर वरात काढता येत नाही.

आणि जे म्हणतात, "पूर्वीचे खरे डीजे, तबकड्यांवर वाजवायचे, आताचे काय, लॅपटॉप उघडतात," त्यांना एवढंच सांगतो की लॅपटॉप या कामात रुळला तोच एका पेटीबरोबर. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तबकडीवरून लॅपटॉप चालवणारं फायनल स्क्रॅच आलं, २००४ मध्ये सेराटो कंपनीचं स्क्रॅच लाइव्ह. त्यांच्या तबकडीवर गाणं नसायचंच, नुसता एक सूर. सेराटोचा तर १ किलोहर्ट्झचा. तबकडी पुढे फिरली, मागे फिरली, थांबली, हे त्या सुरावरून कळायचं आणि त्याप्रमाणे लॅपटॉपमधलं गाणं हलायचं. तबकडी फिरवणारं टर्नटेबल आणि लॅपटॉप यांच्या मध्ये तो सूर वाचणारी पेटी लागायचीच. पुढे कंट्रोलर आले आणि ती पेटी त्यांच्या पोटात गेली. दिसेनाशी झाली म्हणून नाहीशी झालेली नाही.

आता मी सुरुवात कशी केली ते सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, याच्याकडे पैसा होता. मी स्प्लिटरवर सुरू केलं. शंभरेक रुपयांची वायर. डावा आवाज लोकांना, उजवा माझ्या कानाला. दोन्हीकडे एकेकच बाजू, सगळं मोनो. त्यावर मी वाढदिवस केले, बारशी केली. तेव्हाचा मी मोठ्या सामानवाल्यांना ऐकवायचो की कान असेल तर काहीही चालतं. तो मुलगा माझ्याशी अजून भांडतो आणि त्याचं अर्धं म्हणणं मला आजही खोडता येत नाही. ज्याला कान नाही त्याला लाखाचा सेट दिला तरी तो गाणं भलत्याच ठिकाणी कापणार.

पण त्या मुलाने पुढची हळद पाहिलेली नव्हती.

सुपारी ठरताना मुलीकडच्यांनी हाच प्रश्न विचारला होता. आमचा साउंड नको म्हणाले. "साउंड आमच्या ओळखीतला आहे, तुम्ही फक्त लॅपटॉप आणा." मी कंट्रोलर आणि लॅपटॉप घेऊन गेलो. लॉनवर दुपारीच पाणी मारलेलं होतं. वीज जनरेटरची. त्याची एक लाइन डेकोरेशनवाल्याच्या बोर्डाला, दुसरी साउंडवाल्याच्या रॅकला, म्हणजे त्याची मशिनं बसवलेल्या पत्र्याच्या घोड्याला. माझं टेबल डेकोरेशनच्या बाजूला मांडलं होतं, म्हणून चार्जर त्या बोर्डात.

कंट्रोलरची वायर साउंडच्या मिक्सरला लावली आणि स्पीकरमधून हम, म्हणजे एकसारखा गूं आवाज, सुरू झाला. मोठा, अंगावर येणारा. कारण मला ठाऊक होतं. लॅपटॉपचा तीन पिनांचा चार्जर एका वाटेने जमिनीला जोडलेला, मिक्सर दुसऱ्या वाटेने, आणि दोघांच्या मध्ये माझी ऑडिओ वायर. सगळं मिळून एक मोठं कडं तयार होतं आणि विजेचे ५० हर्ट्झ त्यात फिरत राहतात. चार्जर काढला की हम बंद, लावला की चालू. पण जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीवर सगळी हळद निघणार नव्हती.

मी म्हटलं, माझा चार्जरही साउंडच्याच बोर्डात लावू, म्हणजे सगळी वीज एका जागेवरून येईल. त्यासाठी पाहुण्यांच्या वाटेतून वायर न्यावी लागणार होती. डेकोरेशनवाला नाही म्हणाला. आमचं ते बोलणं चालू असतानाच साउंडवाल्याच्या माणसाने रॅकचा थ्री पिन टॉप उघडला आणि आतली अर्थिंगची वायर सोडवून टाकली. हम गेला. "गेला ना? आम्ही नेहमी असंच करतो."

मी म्हटलं, ती वायर परत लावा, ओल्या लॉनवर असं चालायचं नाही. तो म्हणाला, लावतो, मग हमवर नाचा. मुलीचे मामा आले. "नवरी पाटावर बसलीये, तुमचं काय ते नंतर बघा, सुरू करा." मी तिथून उठून जायला हवं होतं, असं मला पुढे बऱ्याच जणांनी सांगितलं. नवरी पाटावर असताना, साउंड दुसऱ्याचा असताना, लॅपटॉप मिटून निघून गेलेला डीजे मी अजून पाहिलेला नाही.

त्या घडीला काय झालं होतं बघा. आख्ख्या रॅकला, म्हणजे चार अँप्लिफायर आणि मिक्सरला, जमिनीकडे जायची स्वतःची वाट उरली नव्हती. उरलेली एकच वाट माझ्यातून जात होती. मिक्सरमधून माझ्या ऑडिओ वायरीची बारीक जाळी, तिथून कंट्रोलर, यूएसबी, लॅपटॉप आणि चार्जरची पिन. पायाच्या अंगठ्याएवढ्या केबलने करायचं काम नखाएवढ्या जाळीवर आलं होतं.

तासाभरात हळद उडायला लागली, पाण्याच्या बादल्या आल्या. रॅकच्या पत्र्याच्या कडेवर घासून एक वायर सोलली होती, ती पत्र्याला टेकली. माझ्या टेबलावर आधी कंट्रोलरचे दिवे गेले. मग जळका वास. लॅपटॉपचा पडदा काळा झाला आणि गाणं तुटलं. अर्थिंग जागेवर असतं तर त्या क्षणी साउंडचा एमसीबी, म्हणजे जास्त करंटला आपोआप पडणारा स्विच, पडला असता. इथे माझी जाळी जळून वाट तुटली आणि रॅकचा पत्रा तसाच जिवंत राहिला. मामा ओरडले, "लॅपटॉप बंद पडला, लॅपटॉप!" सगळं लॉन माझ्याकडे बघत होतं. म्हणून रॅककडे कोणी बघितलं नाही.

साउंडवाल्याचा हेल्पर, अजून मिसरूडही न फुटलेला पोरगा, अनवाणी, काय झालं ते बघायला रॅककडे पळाला आणि त्याने हँडल धरलं. त्याचा हात सुटेना. तो ओरडलाही नाही, ओरडता येतच नव्हतं त्याला. एका वाढप्याच्या लक्षात आलं. त्याने प्लास्टिकची खुर्ची हातावर हाणली, मी जनरेटरकडे धावलो.

पोरगा वाचला. तळहात भाजला होता. दवाखान्यात रात्र काढली त्याने, मी बाहेर बाकावर बसून होतो. पहाटे त्याचे वडील गावाहून आले. हातात पिशवी, पायांत शेतातली चप्पल. कोणीतरी त्यांना काहीतरी सांगितलेलं असणार. त्यांनी मला विचारलं, "तुमच्या मशीनचा करंट होता का, साहेब?"

नाही. करंट रॅकमधल्या वायरीचा होता, अर्थिंग दुसऱ्याने काढलं होतं, आणि माझं मशीन तर त्याच करंटने जळालं होतं. हे सगळं खरं आहे. पण हम माझा लॅपटॉप जोडल्यावर आला, आणि अर्थिंग त्या हमपायी काढलं गेलं. हेही खरंच आहे. त्यांना मी पहिलं उत्तर दिलं. दुसरं तोंडातून निघालं नाही.

माझ्या बॅगेत आता एक लहानशी लोखंडी पेटी असते, तिला डीआय म्हणतात. आत ट्रान्सफॉर्मर असतो, दोन गुंडाळ्या, एकमेकींना न टेकणाऱ्या. आवाज चुंबकत्वाने इकडून तिकडे जातो, तांब्याला तांबं लागत नाही. पेटीवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबलं की कडं तुटतं, हम जातो, आणि दोन्हीकडचं अर्थिंग आपापल्या जागी राहतं. काही हजारांची वस्तू. तुम्ही ज्या पेट्यांबद्दल विचारता, त्यांतली एक ही. दुसरीत ३० मिलिअँपला पडणारा आरसीसीबी, म्हणजे करंट जमिनीकडे गळला की वीज तोडणारा स्विच, लावलेला माझा बोर्ड आहे. बॅगेत सॉकेट तपासायचा टेस्टर आहे. सगळ्या लांब वायरी आहेत त्या याचसाठी, की माझा चार्जर आणि साउंड एका बोर्डावर यावेत.

स्प्लिटरवाला मुलगा इथेही गप्प बसत नाही. तो म्हणतो, तुझी पेटी असती म्हणून काय, तो माणूस "नेहमी असंच" करत होता. त्या दिवशी नाही तर पुढच्या महिन्यात, दुसऱ्या कुणाच्या तरी लॅपटॉपला हम आला असता आणि त्याने तेच केलं असतं. यावर माझ्याकडे उत्तर नाही. उलट तोच मुलगा मला विचारतो की तालुक्याच्या गावातल्या पोराला तू एवढी यादी दिलीस तर तो सुरू कसा करणार? वीस हजार जमवून फोन करणाऱ्याला मी हल्ली सांगतो, घरी स्प्लिटरवर हात बसव, मग कंट्रोलर घे, पण दुसऱ्याच्या साउंडवर पहिल्यांदा जाशील तेव्हा डीआय घेतल्याशिवाय जाऊ नकोस. काही जण परत फोन करत नाहीत. त्यांनी हा नाद सोडला की पेटीशिवाय वाजवायला गेले, याची मला चिंता लागून राहते.

जनरेटरची अर्थिंगची सळई जमिनीत ठोकलेलीच नसेल तर माझा टेस्टर आणि आरसीसीबी दोन्ही अर्धेच कामाचे. तेव्हा मी सळई ठोकायला लावतो, आणि त्या अर्ध्या तासात यजमानांचा चेहरा बदलतो. परवा एकांनी विचारलं, तुम्ही डीजे की वायरमन? विचारा खुशाल. मिरवणुकीतल्या डॉल्बीच्या भिंती, दहानंतरचा आवाज, यांवरची तुमची तक्रार वेगळी आहे आणि तीत तथ्य आहे. पण ती या सामानाबद्दलची नाही.

तेव्हा पुढच्या खेपेला फोन कराल तेव्हा सामान कमी करा म्हणण्याआधी मला चार गोष्टी सांगा. जनरेटर कोणाचा आहे, साउंड कोणाचा आहे, माझं टेबल कुठे मांडणार आणि लॉनवर पाणी कधी मारणार. आकडा मी त्यानंतर सांगीन.